दोन काळजांची गाय

निवृत्तीमामा वाकचौरे ओट्यावर बसून चहा पीत होते, आणि त्याच वेळी शेजारच्या गोठ्यातून मोठ्यानं बोलतही होते.

"मागच्या डाव्या सडाला सूज हाये. दुधात कण्या येतील. दोन दिवस दूध वेगळं काढा."

हिवरदऱ्यात आता याचं कुणाला नवल राहिलं नव्हतं. साल दोन हजार एकोणचाळीस. गावातल्या प्रत्येक गाईच्या छातीपासून कासेपर्यंत पुरेल असा एक रुंद पट्टा बांधलेला असे आणि प्रत्येक पट्टा निवृत्तीमामांच्या आवाजात बोलत असे. पोस्टमन नवीन आला तेव्हा एका गाईला रामराम घालून गेला होता, एवढंच.

पट्ट्याचं काम तसं सोपं होतं. आपल्या कानाला ऐकू येणार नाहीत अशा बारीक आवाजाच्या लहरी तो गाईच्या अंगात सोडायचा आणि परत येणाऱ्या लहरी टिपायचा. निरोगी फुफ्फुस हवेनं भरलेलं असतं. त्या हवेवर आपटून लहरी लगेच माघारी फिरतात. पण तेच फुफ्फुस आजारानं घट्ट झालं की लहरी आत खोलवर शिरतात. या येण्याजाण्यावरून आत काय चाललंय याचं चित्र पट्ट्यातला संगणक तयार करायचा. गाय जिवंत, उभी, रवंथ करतेय आणि तिच्या फुफ्फुसाची, यकृताची, आतड्याची हालहवाल मालकाला घरबसल्या कळतेय. पूर्वी हे कळायचं, पण गाय मेल्यावर. तिला फाडून बघितल्यावर.

आणि त्या फाडण्याच्या टेबलापाशी निवृत्तीमामा चौतीस वर्षं उभे होते. गुरांच्या दवाखान्यात ते परिचर होते. डॉक्टर आले, बदलून गेले, मामा तिथंच. एकेक अवयव काढून ट्रेमध्ये ठेवायचा आणि डॉक्टरांनी विचारायच्या आत सांगायचं, हे त्यांचं काम. त्यांचे शब्द पुस्तकातले नव्हते, घरातल्या चुलीजवळचे होते. चांगलं फुफ्फुस कसं? तर धिरड्यासारखं, जाळीदार. गाठीत साका धरलाय? खरवस झालाय. आतड्याला आतून थर बसलाय? पेजेवरची साय.

पट्टा बनवणाऱ्या कंपनीला शेतकऱ्यांना समजेल अशी भाषा हवी होती. त्यांनी मामांना तीन महिने एका खोलीत बसवलं, पडद्यावर चित्रं दाखवली आणि त्यांची अकराशे वाक्यं त्यांच्याच आवाजात भरून घेतली. शेवटी शाल आणि नारळ दिला. पट्टे गावात आले तेव्हा शब्द इतके नेमके निघाले की पुढचा महिनाभर हिवरदऱ्यात कुणी खरवसाला हात लावला नाही.

"घरात तोंडातून शब्द फुटत नाही," भामाबाई, म्हणजे मामांची बायको, विहिरीवर सांगायची, "आणि लोकांच्या गोठ्यात भाषणं देतात. मी विचारलं, भाजी कशी झालीय, तर हूं. गाईनं विचारलं असतं तर सविस्तर सांगितलं असतं."

*

त्या वर्षी गौरी-गणपतीनंतर भामाबाईचा भाऊ भिवाजी बाजारातून एक कालवड घेऊन परस्पर बहिणीकडे आला. त्याच्या गोठ्याचं काम चालू होतं. "आठ दिवस ठेव, ताई," म्हणाला आणि कालवड साखरीशेजारी बांधून गेला. साखरी ही मामांची एकुलती एक गाय. अंगानं पांढरी, स्वभावानं भामाबाईवर गेलेली.

कालवडीचं नाक गळत होतं. तीन दिवसांत ती बरी झाली, उड्या मारू लागली. सहाव्या दिवशी साखरीनं वैरण सोडली. मान पुढं ताणलेली, पुढच्या पायांची कोपरं बाहेर काढलेली, श्वास उथळ आणि भराभर. मामांनी तिच्या बरगड्यांना कान लावला. मग उभे राहून तिच्या तोंडावरून हात फिरवला. पट्टा बोलला.

"उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या टोकाचं काळीज झालंय. घाई करा."

"तुझ्या भावाची कालवड," मामा म्हणाले. "तिनं आणला विषाणू."

"कशावरून?"

मामा फार कमी बोलत, पण आजाराबद्दल विचारलं की त्यांच्यातला मास्तर जागा व्हायचा. ते खाली बसले. म्हणाले, "हे बघ. गाईच्या श्वासनलिकेत आतून बारीक केस असतात. लाखो. ते सारखे हलत असतात, आपण अंगण झाडतो तसे. घाण, धूळ, जंतू सगळं झाडून वर घशाकडे ढकलतात. आता गाईच्या नाकात कायमचे राहणारे काही जिवाणू असतात. पाश्चुरेला म्हणतात त्यांना. ते वर गुपचूप बसून असतात, कुणाला त्रास देत नाहीत, कारण खाली जाऊ लागले की झाडू बसतो. मग बाहेरून एक विषाणू येतो. तो नुसती सर्दी आणतो. पण सर्दी आणताना झाडणाऱ्यांना लोळवतो. झाडू थांबला. मग वरचे पाश्चुरेला निघाले खाली, फुफ्फुसात. तिथं ते विष सोडतात. त्यांना मारायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावतात, त्या पेशीच फुटतात आणि त्यांच्यातला जाळणारा रस फुफ्फुसातच सांडतो. जाळी भरून जाते. हवा राहत नाही. मऊ धिरड्याचा लालभडक घट्ट गोळा होतो, काळजासारखा. चांगल्या फुफ्फुसाचा तुकडा पाण्यात टाकला तर तरंगतो, हा बुडतो."

"म्हणजे नुसत्या विषाणूनं एवढी आजारी पडली नसती?"

"नसती."

"आणि नुसत्या जिवाणूनं?"

"नसती. दोघं भेटले म्हणून."

भामाबाईनं जरा विचार केला. "विषाणू माझ्या माहेरचा," ती म्हणाली, "मान्य. पण जिवाणू तर साखरीच्याच नाकात होते ना? तुमच्या घरचे! मग सगळं खापर माझ्या माहेरावर का?"

मामा उठून साखरीच्या पट्ट्याचा बंद आवळू लागले. भामाबाईला तेच झोंबलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "गाय बरी होऊ दे. मग जातेच मी माहेरी. चांगली दिवाळी करून येते. नाहीतर नाहीच येत."

आणि तिनं खुंटीवरची पिशवी खाली काढली.

*

काळीज झालेलं फुफ्फुस पहिल्या दिवशी औषधानं मागं फिरतं, दुसऱ्या दिवशी कुरकुरत फिरतं आणि तिसऱ्या दिवशी फिरत नाही. मामांना हे चांगलं माहीत होतं, कारण तिसऱ्या दिवसानंतरच्या गाई त्यांच्या टेबलावर यायच्या. ते तडक दूध संकलन केंद्रावर गेले.

तिथं औषधपेटी होती. कपाटाएवढी, पोलादी. लोकांनी आणि डॉक्टरांनी वीस-तीस वर्षं जिवाणूनाशक औषधं इतकी वाटेल तशी वापरली होती की जिवाणू त्यांना जुमानेनासे झाले होते. म्हणून आता नियम होता की पट्ट्याचा अहवाल येईल, पेटी तो वाचेल आणि आजार खरोखर जिवाणूंचा असेल तरच कप्पा उघडेल. पेटी डॉक्टरांचंही ऐकत नसे.

नव्या डॉक्टरीणबाई तिथंच होत्या. डॉ. मृण्मयी पाध्ये. गावाला ते नाव झेपलं नव्हतं, बायका त्यांना 'मुरमुईबाई' म्हणत. त्या पेटीच्या पडद्याकडे डोळे फाडून बघत होत्या.

"मामा, तुमची साखरी ना? अहवाल वाचा."

पडद्यावर शुद्ध मराठीत लिहिलं होतं: *उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या टोकाचे हृदय झाले आहे. एकूण हृदये: दोन.*

"दोन?" मामा म्हणाले.

"परवापासून पेटीनं नवीन काम सुरू केलंय. तुमच्या बोलीतली वाक्यं प्रमाण मराठीत लिहून जिल्ह्याला पाठवते. तुम्ही काय म्हणाला होता?"

"काळीज झालंय."

"काळीज म्हणजे हृदय ना?"

"काळीज म्हणजे काळीज, मॅडम! मटणाच्या दुकानात मागता ते. यकृत!"

इथंच सगळा घोळ होता. मराठी माणसाला या शब्दाची कधी अडचण होत नाही. काळीज तव्यावर टाकलं की ते यकृत असतं आणि फाटलं की हृदय. कुणाला विचारावं लागत नाही. पेटीनं मात्र एकदा ठरवलं की ठरवलं.

डॉक्टरीणबाई हुशार होत्या. दुसरं हृदय फुफ्फुसात उगवत नाही हे त्यांना न शिकवता कळत होतं. त्यांनी पेटीला समजावलं, दरडावलं, तीनदा सही केली. खण् असा आवाज झाला. एक कप्पा उघडला. आत हृदयविकाराच्या गोळ्या. *दोन हृदयांसाठी दुप्पट मात्रा,* वर चिठ्ठी.

"शेजारच्या गावची पेटी?" मामांनी विचारलं.

"सगळ्यांचा मेंदू एकच आहे. जिल्ह्याला हरकत नोंदवलीय मी. उत्तर तीन कामकाजाच्या दिवसांत."

"आज शुक्रवार."

"हो. आणि उद्या दुसरा शनिवार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मटकन खुर्चीत बसल्या.

जिल्ह्याहून मात्र एक फोन लगेच आला. कोणी साहेब होते. दोन हृदयांची गाय कुठं आहे, तिला हार घालून तयार ठेवा, सोमवारी फोटो काढायला येतो, असं म्हणाले.

*

संध्याकाळचं दूध घालायला कॅन घेऊन माणसं जमू लागली. संस्थेचे सचिव नाईकवाडी दूध मोजायचं सोडून पेटीपाशी आले. "मामा, तुमचाच आवाज आहे ना तिचा? मग तुम्हीच बोला. घरच्या माणसाचं ऐकेल."

मामांनी घसा साफ केला. "पेटीबाई, मी निवृत्ती वाकचौरे. तुमचे शब्द माझे आहेत."

"तुमचा आवाज माझ्या आवाजाशी बहात्तर टक्के जुळतो," पेटी मामांच्या आवाजात म्हणाली. "मूळ वक्ता असल्यास नव्वद लागतात."

"अरे, आवाजच माझा हाये तो!"

"असं सगळेच म्हणतात."

माणसं हसली. मामा बुचकळ्यात पडले. आपण आपल्यासारखे का वाटत नाही? मग त्यांना आठवलं. आवाज भरून घेतला तेव्हा त्यांच्या तोंडात मोजून सहा दात होते. कवळी नंतर आली. कंपनीनं नोंदींतलं बोबडेपण पुसलं होतं, पण ओळख पटवायला मूळ आवाजच ठेवला होता. त्यांनी इकडं तिकडं बघितलं, पाठ फिरवली, कवळी काढून खिशात घातली आणि पुन्हा पेटीसमोर उभे राहिले.

"मी निवृत्ती वाकतौले."

"सत्त्याण्णव टक्के. नमस्कार, मामा. काय सेवा करू?"

"काळीज म्हंजे यकृत. हृदय न्हवं. दुलुस्त कल."

"तपासते," पेटी म्हणाली. ती मामांच्याच आवाजात 'तपासते' म्हणाली हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण नेमकी त्याच वेळी भामाबाई धापा टाकत आली.

"अहो, साखरी बसली! उठत नाही. जीभ बाहेर काढलीय. औषध कुठंय?"

आजारी गाय बसते म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"नोंदी तपासल्या," पेटी म्हणाली. "तुम्ही 'काळीज' हा शब्द एकशे ब्याण्णव वेळा वापरलाय. एकशे एक्क्याण्णव नोंदींत अर्थ नक्की ठरत नाही. एका नोंदीत ठरतो. नोंद सातशे बेचाळीस. चहाची सुट्टी. यंत्र चालू राहिलं होतं. ऐकवते."

"नको!" मामा ओरडले. पण पेटीनं ऐकवलं.

"*आमची भामा माहेरी गेली ना,*" मामांचा आवाज आला, मघापेक्षा मऊ, कुणाशी तरी चहा पिताना बोलावं तसा, "*की चौथ्या दिवसापासून माझ्या काळजात कालवाकालव होते. तिला बोलत नाही मी. पण घर खायला उठतं.*"

रांगेतल्या माणसांनी हातातले कॅन खाली ठेवले. भामाबाईनं पदर तोंडाशी धरला होता. मामा जमिनीत एखादी फट दिसते का ते शोधत होते.

"कालवाकालव ही भावना आहे," पेटी समजावून सांगू लागली. "भावना हृदयात असते. यकृतात पित्त असतं. सबब, काळीज म्हणजे हृदय."

"अगं बाई," डॉक्टरीणबाई मध्ये पडल्या, "त्या वाक्यात हृदय आणि बाकीच्यांत यकृत! दोन्ही अर्थ असतात!"

"प्रमाणीकरण, नियम चौथा. एका शब्दाला एक अर्थ. मूळ वक्त्यानं निवडावं. हृदय की यकृत?"

रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, "मामा, आता बोला. बायको की गाय?"

कुणी हसलं नाही. सगळे मामांकडे बघत होते. मामांनी भामाबाईकडे बघितलं. चाळीस वर्षांत ते एकदाच काहीतरी बोलले होते, तेही तिच्यामागं, चहा पिताना, चुकून. आणि तेवढंच आता सगळ्यांसमोर खोडायचं होतं.

"यकृत," मामा म्हणाले.

"सातशे बेचाळीस दुरुस्त होईल," पेटी म्हणाली. "दुरुस्त वाक्य मूळ वक्त्यानं स्वतः, पूर्ण आणि मोठ्यानं म्हणावं."

मामांनी डोळे मिटले.

"आमती भामा," ते म्हणाले, दात नसलेल्या तोंडानं, गावासमोर, एकेक शब्द उचलून ठेवत, "माहेली गेली ना, की तौथ्या दिवसापासून माझ्या यकृतात कालवाकालव होते. तिला बोलत नाही मी. पण घल खायला उथतं."

"नोंदलं," पेटी म्हणाली. मग थोडा वेळ नुसती गुणगुणली. "अहवाल बदलला. फुफ्फुसाचे यकृतीभवन. आधी विषाणू, मागून जिवाणू. मिश्र संसर्ग. घाई करा."

खालचा मोठा कप्पा उघडला. डॉक्टरीणबाईंनी जिवाणूनाशकाच्या आणि सूज उतरवायच्या औषधाच्या बाटल्या उचलल्या आणि त्या धावत सुटल्या.

भामाबाई मात्र क्षणभर थांबली. मामांकडे बघून म्हणाली, "दात घाला आधी. आणि चला. यकृताचं नंतर बघू."

*

साखरीला त्या संध्याकाळी दोन इंजेक्शनं दिली. उजेड जायच्या आत ती एकदा फुरफुरली. दुसऱ्या दिवशी उभी राहिली आणि डॉक्टरीणबाईंना ढुशी द्यायला धावली, तेव्हा मामा म्हणाले, "वाचली." चौथ्या दिवशी पट्टा म्हणाला, "जाळी परत दिसतेय. टोकाला थोडं काळीज राहिलंय, राहू दे." खरंच राहिलं ते. फुफ्फुसाचा जो भाग मेला तो पुन्हा धिरडं होत नाही, तिथं वण राहतो. बाकीच्या फुफ्फुसावर गाय निभावून नेते.

मामांनी डॉक्टरीणबाईंना बरगडीला कान लावून ऐकायला शिकवलं. कुठं हवा खेळते, कुठं अडते, कुठं नुसतंच दगडासारखं गप्प. त्यांना ते फार आवडलं. त्या आता पट्टा बोलायच्या आत ओळखू लागल्या. भिवाजी येऊन कालवड घेऊन गेला. जाताना बहिणीनं त्याला बजावलं, की यापुढं बाजारातून आणलेलं जनावर आधी पंधरा दिवस वेगळं बांधायचं आणि लस टोचल्याशिवाय कुणाच्या गोठ्यात न्यायचं नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. साहेब सोमवारी आले, हार घेऊन. एकाच हृदयाची गाय बघून हिरमुसले आणि हार नाईकवाडींना घालून गेले.

दिवाळीला आठ दिवस राहिले. भामाबाईची पिशवी भरलेली होती. माहेरी जाते म्हणाली होती, म्हणजे जाणारच, असं मामांनी गृहीत धरलं होतं. तेवढ्यात जिल्ह्याहून एक लखोटा आला. मामांनी चष्मा लावून वाचला, घडी केली आणि खिशात घालू लागले. भामाबाईनं तो हातातून काढून घेतला आणि एकेक अक्षर लावत वाचला.

*विषय: नोंद क्र. ७४२ मधील दुरुस्तीबाबत. श्री. वाकचौरे यांच्या यकृतात, श्रीमती भामाबाई माहेरी गेल्यास, चौथ्या दिवसापासून कालवाकालव होते, अशी नोंद सर्व अभिलेखांत करण्यात आली आहे. सदर लक्षण वारंवार उद्भवत असल्याने कारण टाळावे. तसेच त्यांना नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे.*

तिनं तो दोनदा वाचला. मग कागद नीट सरळ करून कपाटात, रेशनकार्डाच्या खाली ठेवला. पिशवी उघडली, साड्या बाहेर काढल्या आणि भिवाजीला फोन लावला.

"नाही रे येत मी यंदा," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी बघू... नाही, भांडण नाही. ह्यांची तब्येत... छे, ताप नाही, खोकला नाही. यकृत आहे ह्यांचं. मी गेले की ढवळतं... हसतोस काय मेल्या? सरकारी कागद आहे माझ्याकडे. शिक्क्यासकट!"